स्मृतीची मोजदाद की स्मृतीची साक्ष?

संगणकात स्मृती किती आहे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ मोजमापाचा वाटतो. धान्याच्या कोठारात पोती किती, हे जसे मोजून सांगता येते, तसे यंत्रातील बाइट मोजून सांगता यावेत, अशी सामान्य समजूत असते. क्रमिक पुस्तकेही या समजुतीला फारसा धक्का देत नाहीत. संगणक सुरू होताच कार्यप्रणालीने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने, अमुक विनंती करावी, ती निष्फळ ठरल्यास तमुक करावी, तीही निष्फळ ठरल्यास तिसरी करावी, असा एक क्रम त्यांत दिलेला असतो आणि विषय तेथेच संपतो. हा क्रम चुकीचा नाही. पण त्यामागचा खरा प्रश्न त्यात झाकला जातो. मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवण्याचा अधिकार कार्यप्रणालीला कोठून प्राप्त होतो, हा तो प्रश्न होय. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकापासून सुरू झालेल्या यंत्रपरंपरेचे बारकाईने निरीक्षण केले, तर असे दिसून येते की, तिच्यात कार्यप्रणालीने स्मृती मोजण्याचा मार्ग जवळजवळ कधीच पत्करलेला नाही. स्मृती तिला सांगितली गेली आहे. या परंपरेचा इतिहास मोजण्याच्या साधनांचा नसून साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांचा आहे.

याचा अर्थ, मोजणे तत्त्वतः अशक्य होते असा मात्र नव्हे. पीडीपी-११ या यंत्रावरील युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ साली बाहेर पडली. तिच्या आरंभीच्या भागात स्मृती शोधण्याचे जे काही ओळींचे काम आहे, ते आजही वाचण्यासारखे आहे. कर्नेलच्या स्वतःच्या जागेपलीकडे गेले की ६४ बाइटांचा एकेक तुकडा घ्यायचा, त्यातील एक बाइट वाचून पाहायचा. वाचता आला तर तो तुकडा शून्यांनी पुसून मोकळ्या जागेच्या यादीत टाकायचा आणि पुढच्या तुकड्याकडे वळायचे. वाचता आला नाही की थांबायचे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७०च्या दशकात या आवृत्तीवर आपल्या विद्यार्थ्यांसाठी जे भाष्य लिहिले, त्यामुळे हा भाग जगभरच्या विद्यार्थ्यांना परिचित झाला. त्यात कोणाला विचारणे नाही, कोणाचे प्रमाणपत्र मागणे नाही. स्पर्श केला, मिळाले, स्पर्श केला, मिळाले, स्पर्श केला, मिळाले नाही, मोजणी संपली.

हे इतक्या सरळपणे साधले, याचे श्रेय मात्र युनिक्सच्या लेखकांपेक्षा यंत्राला अधिक द्यावे लागते. पीडीपी-११ची युनिबस ही संदेशवाहिनी प्रश्नोत्तराच्या तत्त्वावर चाले. प्रक्रियकाने एखादा पत्ता पुकारला की, त्या पत्त्याच्या मालकाने ‘हजर’ म्हणून प्रतिसाद देणे बंधनकारक असे. काही मायक्रोसेकंदांत कोणीच प्रतिसाद दिला नाही, तर यंत्र स्वतःहून चालू काम थांबवी आणि ‘या पत्त्यावर कोणी नाही’ अशी सूचना देई. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण तीही ‘योग्य’ असावी लागते असे बजावले, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. उजेडात, डोळे उघडे असताना जमिनीवर घट दिसला नाही, तरच घटाचा अभाव सिद्ध होतो. अंधारात तो दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. युनिबसवर उजेड होता.

आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्यात हा उजेड नव्हता. त्यातील ८०८८ या प्रक्रियकाला २० पत्तावाहक तारा होत्या, म्हणजे १ मेगाबाइटपर्यंतचे पत्ते त्याला पुकारता येत. त्यांपैकी पहिले ६४० किलोबाइट कार्यक्रमांसाठी आणि वरचे ३८४ किलोबाइट पडद्याची स्मृती, विस्तारपत्रे आणि कायमस्वरूपी आज्ञासंच यांच्यासाठी, अशी वाटणी होती. मात्र एखाद्या पत्त्यावर काहीच नसेल, तर तसे सांगणारी कोणतीही सोय संदेशवाहिनीत नव्हती. पत्ता पुकारला, ठराविक कालावधी लोटला, तारांवर जे काही असेल ते प्रक्रियकाने उचलले, झाले. तेथे स्मृती असो वा पोकळी, वाचन ‘यशस्वी’च होणार. न दिसण्याला येथे काहीच अर्थ उरत नाही.

मग लिहून पाहावे आणि परत वाचून पाहावे, हा उपाय सुचतो. तो अनेकांना सुचला आहे आणि हौशी कार्यप्रणालीकारांना अजूनही सुचत असतो. त्याचे दोष नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी परंपरा त्या दोषांना दिलेले उत्तर आहे. पहिला दोष तारांचा. लिहिलेली किंमत विद्युत्भाराच्या रूपाने तारांवर क्षणभर रेंगाळते. लगेच वाचले, तर तीच किंमत परत हाती येते आणि पोकळीत स्मृती असल्याचा भास होतो. यावर, मध्ये दुसऱ्याच ठिकाणी दुसरी किंमत लिहावी आणि मग वाचावे, अशी युक्ती आहे. दुसरा दोष प्रतिबिंबांचा. पत्त्यातील काही तारांकडे यंत्राने दुर्लक्ष केले असेल, तर एकच स्मृती अनेक पत्त्यांवर दिसू लागते आणि मोजणारा तीच पोती पुन्हापुन्हा मोजत बसतो. १९८४च्या एटी संगणकात हा दोष हेतुपुरस्सर ठेवलेला होता! त्यातील ८०२८६ प्रक्रियकाला २४ तारा होत्या. परंतु १ मेगाबाइट ओलांडताच पत्ता पुन्हा शून्यावर येतो, या ८०८८च्या वर्तनावर विसंबलेले जुने कार्यक्रम बिघडू नयेत, म्हणून एकविसावी तार, जिला ए-२० म्हणतात, ती बंद ठेवण्याची सोय करण्यात आली. तिची कळ कळफलकाच्या नियंत्रकाकडे सोपवली गेली, हा यंत्ररचनेच्या इतिहासातील एक विक्षिप्त तपशील होय. ती तार बंद असताना १ मेगाबाइटच्या पुढची स्मृती शोधायला निघालेला कार्यक्रम प्रत्यक्षात शून्य पत्त्यावर लिहीत असतो, आणि तेथे तर इंटरप्टांचे सारे मार्गदर्शक पत्ते मांडलेले असतात. शोध संपण्यापूर्वीच शोधणारा नाहीसा होण्याचा हा प्रसंग आहे.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. पत्ता हा केवळ स्मृतीचाच असतो असे नाही. तो एखाद्या उपकरणाचाही असू शकतो. तेथे लिहिणे म्हणजे त्या उपकरणाला आज्ञा देणे. आपण जागा तपासत आहोत, अशा समजुतीने कार्यप्रणाली एखाद्या जाळेपत्राला किंवा नियंत्रकाला भलतीच आज्ञा देऊन बसेल. पहिले दोन दोष ज्ञानाचे आहेत, तिसरा कृतीचा आहे. येथे जाणून घेण्याचा प्रयत्नच जाणून घ्यायच्या वस्तूला बिघडवतो. लिहून पाहण्याच्या पद्धतीचा त्याग करण्यास एवढे एकच कारण पुरेसे होते.

प्रत्यक्ष गेले, अनुपलब्धी गेली. उरले ते शब्दप्रमाण. येथे वक्ता बायॉस होता. यंत्रासोबत येणारा, त्याच्याच फलकावर कोरलेला हा आज्ञासंच कार्यप्रणालीच्या आधी जागा होतो आणि फलकाच्या निर्मात्याने लिहिलेला असल्यामुळे त्याला यंत्राची घरची माहिती असते. आप्त म्हणावे अशी ही व्यक्ती. तथापि पहिल्या वैयक्तिक संगणकात हा आप्त स्वतः काय जाणत होता, हे पाहिले की थोडे हसू येते. स्मृती किती आहे हे विचारण्यासाठी इंटरप्ट १२ ही सेवा होती (हा आणि पुढचे सेवाक्रमांक षोडशमान पद्धतीतील आहेत) आणि ती किलोबाइटांचा एक आकडा देई. हा आकडा १९८१च्या यंत्रात फलकावरील छोट्या खटक्यांवरून ठरत असे आणि ते खटके स्मृतीचे तुकडे बसवणाऱ्या माणसाने हाताने वरखाली केलेले असत. कार्यप्रणालीने बायॉसला विचारावे, बायॉसने खटक्यांना विचारावे आणि खटक्यांनी त्या माणसाचे मत सांगावे, अशी ही साक्षीची साखळी होती. पुढच्या यंत्रांत बायॉस आरंभीच्या स्वतपासणीत खरोखर लिहून-वाचून पाहू लागला, आणि त्याला तसा अधिकारही होता. कारण त्या घटकेला यंत्रात दुसरे कोणी काम करत नसते आणि कोणत्या पत्त्यावर काय आहे हे त्याला ठाऊक असते. मात्र पुढे स्मृतीच्या पट्ट्यांवर एक बारीक चिप येऊ लागली आणि तिच्यात उत्पादकाने त्या पट्टीची क्षमता लिहून ठेवलेली असे. तेव्हा बायॉसही पुन्हा वाचूनच बोलू लागला.

इंटरप्ट १२चे उत्तर ज्या दोन बाइटांत साठवले जाई, त्यांचा पत्ता षोडशमान पद्धतीत ४१३ असा आहे. तेथील आकडा कोणालाही बदलता येत असे. याचा परिणाम काय झाला, हे १९८७च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये उद्भवलेल्या ‘स्टोन्ड’ या विषाणूवरून स्पष्ट होते. तबकडीच्या आरंभखंडातून शिरलेला हा विषाणू कार्यप्रणालीच्या आधी जागा होई, त्या आकड्यातून २ वजा करी आणि ६४० किलोबाइटांच्या टोकाशी मोकळ्या झालेल्या २ किलोबाइटांत स्वतःचे बस्तान बसवी. मग डॉस उठे, आकडा विचारी आणि ६३८ हे उत्तर निमूटपणे स्वीकारी. त्या काळी जाणकार वापरकर्ते चेकडिस्क ही आज्ञा देऊन एकूण स्मृती ६,५५,३६० बाइट आहे की ६,५३,३१२, हे पाहत आणि संसर्गाचा अदमास घेत. ही खूणही पूर्ण विश्वासाची नव्हती. कारण १९८७नंतरच्या अनेक यंत्रांत बायॉस स्वतःच्या उपयोगासाठी वरचा १ किलोबाइट राखून ठेवी आणि निरोगी यंत्रही ६३९ सांगे. विषाणूने येथे कोणताही पहारा फोडला नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने केवळ साक्ष बदलली, आणि साक्षीखेरीज कार्यप्रणालीजवळ काही नव्हते.

त्याहून मौजेची गोष्ट अशी की, हीच युक्ती सज्जनांनीही वापरली. १ मेगाबाइटच्या वरची स्मृती किती, हे सांगण्यासाठी एटी संगणकात इंटरप्ट १५ची ८८ क्रमांकाची सेवा आली. त्या वरच्या स्मृतीचे वाटप करणारी यंत्रणा डॉसमध्ये सुरुवातीला नव्हतीच. तेव्हा ज्या कार्यक्रमाला ती हवी असे, तो ही सेवा मध्येच अडवी आणि खऱ्या आकड्यातून आपला वाटा वजा करून पुढच्याला उत्तर देई. १९८८च्या सुमारास आलेला हायमेम हा व्यवस्थापक तर सगळीच स्मृती ताब्यात घेऊन विचारणाऱ्याला शून्य सांगत असे. तेव्हा ‘किती आहे’ या प्रश्नाचे उत्तर ‘किती आहे’ असे कधी नव्हतेच. ‘तुला किती घेऊ द्यायची’ असे ते उत्तर होते. शोधणे आणि वाटप करणे या दोन वेगळ्या क्रिया एका आकड्यात मिसळल्या, हे या टप्प्यावरील रचनेचे मुख्य वैगुण्य म्हणावे लागेल. ते वैगुण्य त्या काळात सोयीचे होते, हे खरे. पण सोय म्हणजे गुण नव्हे.

८८ क्रमांकाच्या सेवेचे दुसरे वैगुण्य अधिक प्रसिद्ध आहे. तिचे उत्तर १६ बिटांच्या जागेत किलोबाइटांच्या रूपाने येते. म्हणजे ६५,५३५ किलोबाइट, जेमतेम ६४ मेगाबाइट, एवढाच तिचा आवाका. ८०२८६ प्रक्रियकाची सारी झेपच १६ मेगाबाइटांची होती, हे ध्यानात घेतले तर १९८४ साली ही मर्यादा उदारच वाटली असणार. परंतु १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात १२८ मेगाबाइटांच्या यंत्रावर लिनक्स बसवणाऱ्याला कित्येकदा आरंभाच्या सूचनांत ‘मेम’ या शब्दापुढे खरा आकडा स्वतः लिहून द्यावा लागे. खटक्यांच्या काळापासून निघालेली साखळी अशा रीतीने पुन्हा माणसाच्या हाताशी येऊन ठेपली. आणि या माणसाने आकडा जास्त लिहिला, तर कार्यप्रणाली नसलेल्या किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत आपले सामान मांडी. बिघाड मात्र पुढे केव्हातरी, त्या जागेची गरज पडेल तेव्हा, दिसे.

वास्तविक ६४ मेगाबाइटांची मर्यादा हा या सेवेचा खरा दोष नव्हे. आकड्याची जागा वाढवली असती, तर तो दोष दूर झाला असता. खरा दोष प्रश्नातच होता. ‘किती’ असे विचारणे म्हणजे स्मृती सलग आहे, असे गृहीत धरणे. पुष्कळ यंत्रांत १५ व्या मेगाबाइटपासून १६ व्यापर्यंतची जागा जुन्या विस्तारपत्रांसाठी मोकळी सोडता येई. त्या पोकळीच्या अलीकडे स्मृती, पलीकडेही स्मृती. अशा यंत्राला ‘किती’ म्हणून विचारले, तर ते प्रामाणिकपणे काय सांगणार? पोकळीपर्यंतचे सांगितले तर पलीकडची वाया जाते, सगळे सांगितले तर कार्यप्रणाली पोकळीत पाय घालते. ई-८०१ या पुढच्या सेवेने यावर तोडगा काढला. तिने दोन आकडे दिले: १६ मेगाबाइटांच्या आतले किलोबाइटांत आणि बाहेरचे ६४ किलोबाइटांच्या तुकड्यांत. यात नकाशाची सुरुवात आहे, पण तो एकाच पोकळीपुरता नकाशा आहे. ठिगळ म्हणून ते चांगले होते. वस्त्र म्हणून नव्हे.

वस्त्र विणले गेले ते ई-८२० या सेवेत. डिसेंबर १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय या प्रमाणकात तिचे वर्णन आले आणि प्रश्नच बदलला. ‘किती’ ऐवजी ‘कोठे काय’ असे विचारले गेले. कार्यप्रणाली ही सेवा पुन्हापुन्हा बोलावते. दर वेळी तिला एक नोंद मिळते. नोंदीत प्रारंभीचा पत्ता ६४ बिटांत, लांबी ६४ बिटांत आणि प्रकार ३२ बिटांत, असे एकूण २० बाइट. प्रकार १ म्हणजे वापरण्याजोगी स्मृती, २ म्हणजे राखीव, ३ म्हणजे एसीपीआयची कोष्टके वाचून झाल्यावर मोकळी करता येणारी आणि ४ म्हणजे यंत्र झोपी गेले तरी जपून ठेवायची. यांतील दुसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे. एखादी जागा आहे, पण ती तुझी नाही, हे सांगण्याची भाषाच पूर्वीच्या सेवांजवळ नव्हती. नाही म्हणायचे तर आकडा कमी करून सांगावा लागे. आता नकार हा नकार म्हणून उच्चारता येऊ लागला. त्याचबरोबर, अपरिचित प्रकाराचा आकडा आढळल्यास ती जागा राखीवच समजावी, असा दंडकही प्रमाणकाने घालून दिला. अज्ञानाच्या प्रसंगी हक्क न सांगता माघार घ्यावी, हा नियम लहानसा दिसतो. पण उद्या कोणता नवा प्रकार निघेल याची कल्पना नसताना आजच्या कार्यप्रणालीला सुरक्षित ठेवणारा तोच आहे.

तरीही ई-८२० निर्दोष नाही. पडद्याच्या स्मृतीसारखी प्रघाताने ठरलेली जागा तिच्या यादीत येत नाही, तशीच पीसीआय उपकरणांनी व्यापलेलीही येत नाही. म्हणजे यादीतील मौनाचा अर्थ ‘येथे स्मृती नाही’ एवढाच. ‘येथे कोणी नाही’ असा नव्हे. हे मौन वाचण्यात नवशिक्याची चूक हमखास होते. शिवाय नोंदी पत्त्यांच्या चढत्या क्रमाने येतीलच असे नाही आणि प्रत्यक्षात त्या एकमेकींवर चढलेल्याही आढळतात.

या साक्षीचा उलटतपास कसा घ्यावा, हे पाहायचे असेल, तर लिनक्सच्या आरंभीच्या भागाकडे वळावे. तो तिन्ही सेवांना विचारतो आणि ई-८२० मिळाली तर तिलाच मान देतो. पण आंधळेपणाने नव्हे. नोंदी मिळत असतानाच मध्येच एस-एम-ए-पी ही ओळखीची चार अक्षरे परत आली नाहीत, तर तोपर्यंतच्याही सगळ्या नोंदी तो फेकून देतो. अर्धी साक्ष विश्वसनीय की अविश्वसनीय, हे ठरवण्याचा मार्ग नसल्यामुळे ती अजिबात नको. यादीत एकच नोंद असेल, तर त्याला ती यादी संशयास्पद वाटते, आणि ते योग्यच आहे. ज्या यंत्रात एकही पोकळी नाही, असे वैयक्तिक संगणक नसतात. काही बायॉस ६४० किलोबाइट ते १ मेगाबाइट ही जागाही स्मृती म्हणून सांगतात, ती तो न विचारता वगळतो. पहिले ४ किलोबाइट बायॉसचे असूनही यादीत तसे सहसा लिहिलेले नसते, तेही तो राखीव करतो. एकमेकींवर चढलेल्या नोंदी तो विलग करून नव्याने मांडतो. आणि ई-८२० अजिबातच मिळाली नाही, तर जुन्या सेवांच्या आकड्यांवरून तो एक काल्पनिक नकाशा रचतो: शून्यापासून खालची परंपरागत स्मृती, मग १ मेगाबाइटपासून पुढे सांगितलेली. यात अनुमान आहे, पण स्पर्श कोठेही नाही. स्मृतीची चाचणी घेण्याची सोय लिनक्समध्ये आहे. तथापि तीही साक्षीने दिलेल्या जागेतच सदोष तुकडे शोधते, साक्षीबाहेरची जागा शोधायला जात नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, इतका उलटतपास घ्यावा लागतो, याचाच अर्थ शब्दप्रमाण अपुरे ठरले. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु उलटतपासात वापरलेले पुरावे कोणते, हे पाहिले पाहिजे. ते स्मृतीला विचारून मिळालेले नाहीत. यंत्रपरंपरेच्या ज्ञानातून, म्हणजे हजारो यंत्रांच्या पूर्वीच्या साक्षींतून मिळालेले आहेत. एका साक्षीची पारख दुसऱ्या साक्षींनी होते आहे. युनिबसवरचा उजेड येथे परत आलेला नाही. अंधारात चालण्याची सवय मात्र पक्की झाली आहे. ही सवय अविश्वासाकडे कशी झुकते, याचे उदाहरण २०२१ सालचे आहे. काही बायॉस यंत्र सुरू झाल्यानंतरही खालच्या स्मृतीत लिहीत राहतात, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कळून चुकले होते आणि त्यावर एकेक अपवाद नोंदवून इलाज चालू होते. त्या वर्षीच्या ५.१३ या आवृत्तीपासून लिनक्सने अपवाद मोजणे सोडून दिले आणि यादी काहीही सांगो, पहिला संपूर्ण मेगाबाइट सरसकट राखून ठेवण्यास सुरुवात केली. १९८१ साली ज्या मेगाबाइटात सारे जग होते, तो असा वापराबाहेर गेला.

बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय या आज्ञासंचाने साक्षीला आणखी एक अंग दिले. तेथे नकाशासोबत कार्यप्रणालीला एक किल्लीवजा आकडा मिळतो. यंत्राचा ताबा आपल्याकडे घेताना हा आकडा परत सादर करावा लागतो, आणि मधल्या काळात नकाशा बदललेला असेल, तर ताबा नाकारला जातो. कार्यप्रणालीने नकाशा पुन्हा मागायचा आणि नव्या आकड्यासह पुन्हा यायचे. साक्ष खरी की खोटी, हे ठरवण्याचे साधन त्यातही नाही. ती शिळी आहे की ताजी, एवढे मात्र त्यात प्रथमच विचारले गेले.